एक फुप्फुस बंद, तरी ऑक्सिजन कसा टिकतो?

प्रश्न : वडिलांच्या फुप्फुसातली गाठ काढायची आहे. ऑपरेशनच्या वेळी एक फुप्फुस बंद ठेवणार, असं भूलतज्ज्ञ म्हणाले. त्यात गुंगीची औषधं. मग रक्तातला ऑक्सिजन उतरत नाही का?

उत्तर : उतरू शकतो, म्हणूनच भूलतज्ज्ञाची नजर त्या आकड्यावरून हटत नाही. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या फुप्फुसावर नाजूक काम करणं अवघड, म्हणून दोन मार्गांची नळी घालून एकाच फुप्फुसाला हवा देतात. बंद फुप्फुसातून रक्त मात्र वाहतच राहतं आणि ऑक्सिजन न घेता परत येऊन चांगल्या रक्तात मिसळतं. खरी अडचण ही.

इथे शरीर स्वतःच धावून येतं. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बरंचसं रक्त चालू फुप्फुसाकडे वळतं. स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी 1946 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं. हातापायांत ऑक्सिजन कमी पडला तर रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात नेमकं उलट! शरीरातल्या इतक्या शहाण्या व्यवस्था मला फार थोड्या माहीत आहेत. शिवाय रुग्ण कुशीवर असतो, त्यामुळे खालच्या, चालू फुप्फुसाकडे रक्त आपसूकच जास्त जातं.

तुमची शंका रास्त आहे, कारण काही औषधं हे आकसणं ढिलं पाडतात. हॅलोथेन हे त्यातलं जुनं नाव. आजचं सेव्होफ्लुरेन नेहमीच्या मात्रेत फारसा त्रास देत नाही, आणि शिरेतून दिलं जाणारं प्रोपोफॉल या व्यवस्थेला जवळजवळ धक्का लावत नाही. जोडीला डेक्समेडेटोमिडीन दिल्यास ऑक्सिजन थोडा बरा राहतो, असं काही अभ्यासांत दिसलं. पण त्यानं नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, तेव्हा ते बेतानंच.

माझ्या मते औषधाहून नळीची जागा महत्त्वाची. कुशीवर वळवताना ती जराशी सरकली तरी आकडा घसरतो, म्हणून बारीक दुर्बिणीनं ती पुन्हा तपासतात. तरीही ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली जाऊ लागला, तर बंद फुप्फुसात हलक्या दाबानं ऑक्सिजन सोडतात. तेवढ्यानं भागलं नाही तर सर्जनला थांबवून दोन्ही फुप्फुसं फुगवतात.

वडील झोपेची गोळी घेत असतील तर तिचं नाव आणि मात्रा भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. नळी काढल्यावर श्वास त्यांचा त्यांनाच घ्यायचा असतो आणि उरलेली गुंगी तो मंद करते. विडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद करायला लावा.