इंजिनखोलीची अग्निशामक बाटली : निवडा मापाने, जपा वजनाने

रत्नागिरीच्या मिरकरवाडा, राजिवड्यासारख्या वस्त्यांत अनेक मुस्लिम कुटुंबांची रोजीरोटी मासेमारी नौकेवर चालते. एका नौकेत घराण्याची पुंजी, कर्जाची रक्कम आणि खलाशांचे जीव गुंतलेले असतात. तरीही तपासणीत दाखवण्यापुरती एक स्वस्त बाटली केबिनमध्ये टांगून मालक निश्चिंत होतात. ती वेळेवर उपयोगी पडेल का, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

झाकण उघडू नका

डिझेलची गळकी नळी, तापलेला सायलेन्सर, घासलेली वायर ही आगीची नेहमीची कारणे. धूर दिसताच घाबरून झाकण उघडले, तर ताजी हवा आत शिरते आणि आग भडकते. म्हणून इंजिनखोलीची आग झाकण बंद ठेवूनच विझवायची असते. त्यासाठी झाकणाला किंवा भिंतीला बाटलीचे तोंड आत जाईल एवढे भोक पाडून त्यावर सरकती पट्टी बसवावी. नौका बांधणाऱ्या सुताराला हे काम अवघड नाही.

कोणती बाटली घ्यावी?

एबीसी पावडर स्वस्त असते आणि डिझेल व लाकूड दोन्हींच्या आगीवर चालते. परंतु भोकातून मारलेली पावडर इंजिनामागे पोहोचेलच असे नाही. शिवाय ओल लागली की ती धातू व वायरिंग खाते. कार्बन डायऑक्साइड वायू मात्र कानाकोपऱ्यात पसरतो आणि मागे काही उरत नाही. म्हणून बंद इंजिनखोलीसाठी हा वायू आणि केबिन व स्वयंपाकाच्या जागेसाठी पावडर, अशी विभागणी आम्ही सुचवतो. जुन्या हॅलॉन बाटल्या कोणी स्वस्तात देऊ केल्या तरी घेऊ नयेत. ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रिअल करारानुसार 2010 पासून त्या वायूचे उत्पादन बंद झाले आहे.

हिशेब असा करा

खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. समजा 3 × 2.5 × 1.6, म्हणजे 12 घनमीटर. मोठ्या जहाजांच्या नियमात यंत्रखोलीच्या 40 टक्के जागा व्यापेल एवढा वायू धरतात. आपणही तेच माप धरावे. 12 चे 40 टक्के म्हणजे 4.8 घनमीटर. एक किलो द्रव कार्बन डायऑक्साइडपासून सुमारे 0.56 घनमीटर वायू होतो. म्हणजे साधारण 8.6 किलो लागेल. साडेचार किलोच्या दोन बाटल्या हव्यात. एक पुरणार नाही.

आग लागल्यावर

प्रथम आत कोणी नाही याची खात्री करा, कारण एवढ्या वायूत माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडून दगावतो. मग इंजिन, डिझेलचा कॉक, पंखा आणि हवेची तोंडे बंद करा. चालू इंजिन आत सोडलेला वायू ओढून बाहेर टाकते. त्यानंतर दोन्ही बाटल्या एकामागून एक पूर्ण रिकाम्या करा. किमान पंधरा मिनिटे झाकण उघडू नका. उघडताना पावडरची बाटली हाताशी ठेवा आणि हवा खेळल्याशिवाय कोणालाही खाली उतरू देऊ नका. म्हणूनच बाटल्या इंजिनखोलीत नव्हे, तिच्या बाहेर टांगाव्यात.

देखभाल

पावडरच्या बाटलीचा काटा हिरव्या भागात आहे का, हे दरमहा पाहा. इंजिनाच्या हादऱ्याने पावडर तळाशी घट्ट बसते. बाटली उलटीसुलटी करून ती मोकळी करावी. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला काटा नसतो, तिचा भरवसा तराजूवर. साडेचार किलोत 450 ग्रॅमपेक्षा जास्त घट आली, तर ती पुन्हा भरून घ्या. खाऱ्या हवेने बुडाला गंज चढतो, तोही पाहा. या बाटलीची दर पाच वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ही कामे सहज होतात.

बाटल्या भरणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना एवढेच सांगणे : गिऱ्हाईकासमोर वजन करा आणि मगच चिठ्ठी चिकटवा. मालकांनीही चिठ्ठीवरची तारीख पाहून समाधान मानू नये. समोर वजन करून मागावे, कारण भर समुद्रात ती चिठ्ठी आग विझवत नाही.