ट्रायलला हो म्हणण्याआधी

वंदू, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, ट्रायलला हो म्हणू का?" मी लगेच काही बोलले नाही, तर रुसलीस. अगं, हो-नाही सांगायला मी काही तुझी डॉक्टर नव्हे. पण कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून आयुष्य काढलंय, तेव्हा चार शब्द सांगायचा हक्क आहे माझा.

शरदरावांच्या आत्याबाई म्हणतात ना, "तिच्यावर प्रयोग करणार", ते आधी डोक्यातून काढ. चालू असलेलं औषध बंद करून नुसती साखरेची गोळी द्यायची, असं कॅन्सरच्या ट्रायलमध्ये सहसा होत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलचंच बघ. तोंडा-घशाचा, पुढे गेलेला कॅन्सर असलेले पेशंट. सगळ्यांना घरी घ्यायच्या स्वस्तातल्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना त्याबरोबर निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं महागडं इंजेक्शन. तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! कोणाला काय मिळणार, हे डॉक्टरच्या हातात नाही, चिठ्ठी निघाल्यासारखं ठरतं. २०२२ साली निकाल आला. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरच्या शंभरातले साधारण १६ हयात, इंजेक्शनवाल्यांतले ४३. मला या ट्रायलचं फार कौतुक आहे, कारण "कमीत कमी किती पुरेल?" हा प्रश्न आपल्याकडच्या रिकाम्या खिशातून आलाय. औषध कंपनी कशाला विचारते तो!

पण ४३ ऐकून हुरळू नकोस. उरलेले ५७ वर्षाच्या आत गेले. आणि तुझा आजार वेगळा, ट्रायलही वेगळी. तुला सांगितलेली पहिल्या फेजची आहे म्हणालीस. तिथे मुख्य प्रश्न असतो, माणसाला डोस किती सोसतो. बऱ्याचदा तिघांना एक डोस देतात, निभावला तर पुढच्या तिघांना त्याच्या वरचा. गाठ आटली तर उत्तमच, पण तुझ्यासाठी म्हणून ती ट्रायल काढलेली नाही, पुढच्यांसाठी काढलीय. हे कळून हो म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि त्या हो म्हणण्यात मोठा मान आहे. फसव्या आशेने म्हटलेलं हो मात्र तिसऱ्या आठवड्यात रडवतं.

म्हणून डॉक्टरांना "बरी होईन का?" विचारशीलच, पण त्याच दमात विचार, "माझे दिवस किती जाणार?" पहिल्या डोसच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरावीक वेळाने रक्त काढतात. हाताला ती सुई तशीच, डबा मांडीवर, बाहेरच्या बाकावर शरदराव पेंगताहेत, आणि नर्स घड्याळ बघत पुन्हा येते. शिवाय स्कॅन, कधी पुन्हा बायोप्सी. तुझ्या स्कॉलरशिपच्या पोरांचा गणिताचा क्लास सोमवारी आणि गुरुवारी असतो, हे पहिल्याच भेटीत सांग. लाजू नकोस. ठरलेल्या तारखेला एक-दोन दिवस मागेपुढे करायची मुभा बऱ्याच ट्रायलमध्ये असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्या पोरांना अपूर्णांक शिकवताना तुझा आवाज कसा खणखणीत होतो, मी ऐकलाय. तो तास बुडवणारं औषध असेल, तर त्याने बदल्यात काय दिलं पाहिजे, हे तू ठरव. आम्ही नाही.

संमतीपत्र मराठीत माग. जाडजूड असतं, घरी आण, रात्रभर ठेव, पेन्सिलने खुणा कर. २०१९ च्या नियमांप्रमाणे तू कधीही बाहेर पडू शकतेस, आणि ट्रायलमुळे काही इजा झाली तर त्या उपचाराचा खर्च तुझ्यावर टाकता येत नाही. ट्रायल सरकारी रजिस्टरमध्ये नोंदलेली असायलाच हवी. मुलीला सांग, सीटीआरआयच्या साइटवर नंबर टाकून बघायला. आणि "नवीन औषध आहे, अमुक लाख भरा" असं कोणी म्हटलं, तर तिथून सरळ उठून ये.

तू घेतेस तो सासवडहून येणारा काढाही ट्रायलच्या डॉक्टरांना सांगायचाच हं! लपवलास तर लिव्हरचे रिपोर्ट वर गेल्यावर दोष कोणाचा, हे कोणालाच कळणार नाही.

दुखण्याबद्दल मात्र मी ऐकणार नाही. "मॉर्फिन म्हणजे शेवट" हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? दुखणं-त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना आत्ताच भेट, ट्रायल घेतलीस तरी आणि नाही घेतलीस तरी. बॉस्टनला फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना ही मदत सुरुवातीपासून दिली होती. २०१० साली निकाल छापला, तर नुसत्या नेहमीच्या उपचारावरचे मध्यकाने ८.९ महिने जगले आणि ही मदत मिळालेले ११.६. जगण्याची गोडीही त्यांचीच जास्त टिकली. रात्री झोप लागली तरच सोमवारी फळ्यासमोर उभी राहशील ना?

शनिवारी येते मी. फाईल तारखेप्रमाणे लावून ठेव, आणि बायोप्सीच्या रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढायला शरदरावांना आत्ताच सांग.