तापलेले लोखंड आणि वाफेची चादर

मुलांनो, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला आहे का? तवा बेताचा तापला असेल, तर थेंब चर्रकन आटतो. पण तवा फारच तापला असेल, तर तोच थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे पळतो आणि बराच वेळ टिकतो. तवा जास्त तापलेला असूनही थेंब उशिरा आटतो! असे का होते?

अशा तव्याला थेंब टेकताच त्याच्या खालच्या भागाची वाफ होते. थेंब या वाफेच्या पातळ चादरीवर तरंगतो. वाफेतून उष्णता पाण्यापेक्षा सुमारे 25 पट कमी वाहते. म्हणून थेंब वाचतो. जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्ट यांनी 1756 मध्ये या चमत्काराचे वर्णन केले.

आता राजुऱ्याच्या लोहाराकडे जाऊ. शेतकरी विळा, कुऱ्हाड, वखराची पास घेऊन त्याच्याकडे येतात. लोहार भट्टीत लाल झालेले पाते सांडशीने धरतो आणि पाण्यात बुडवतो. याला 'पाणी पाजणे' म्हणतात. तुमच्या उर्दूत 'आब देना' म्हणतात, तेच हे. लोहार पाते पाण्यात स्थिर धरत नाही, सारखे हलवतो. कारण लाल लोखंडाभोवतीही वाफेची चादर तयार होते. ती टिकली, तर पाते सावकाश निवते, काही ठिकाणी मऊ राहते आणि त्याची धार लवकर जाते. पाते हलवले, की पाण्यात लाटा उठतात. लाट चादरीच्या जाडीपेक्षा उंच झाली, की पाणी लोखंडाला भिडते आणि चादर फाटते.

हीच चादर मोठ्या कारखान्यात धोक्याची ठरते. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील औष्णिक वीज केंद्रात 1983 पासून वीज तयार होते. तेथे कोळसा जाळून बॉयलरच्या नळ्यांतील पाण्याची वाफ करतात. नळीच्या आतल्या बाजूस वाफेची चादर बसली, तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. नळी भलतीच तापते आणि फुटूही शकते. म्हणून बॉयलरच्या नळ्यांतून पाणी सतत वाहते ठेवावे लागते.

शास्त्रज्ञांनी विजेचाही उपयोग करून पाहिला आहे. तापलेला धातू आणि पाणी यांच्यात मोठा विद्युतदाब दिला, की दोघांवर विरुद्ध प्रभार येतात. ते एकमेकांना ओढतात. पाणी धातूकडे खेचले जाते आणि चादर मोडते. मात्र हा प्रयोग प्रयोगशाळेतच करायचा असतो. घरी पाणी आणि वीज एकत्र आणणे जिवावर बेतते.

शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे तपासतात, ते लोहाराच्या हाताला अनुभवाने ठाऊक असते.

शब्दार्थ
निवणे – थंड होणे
भिडणे – जाऊन टेकणे
औष्णिक – उष्णतेपासून होणारे
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे

स्वाध्याय
1. फार तापलेल्या तव्यावर थेंब जास्त वेळ का टिकतो?
2. लोहार पाते पाण्यात का हलवतो?
3. 'जिवावर बेतणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.