दूध नव्हतं म्हणे!

आमच्या रात्रीच्या मावशींबद्दल घरात अजूनही कुणी वाईट शब्द ऐकून घेत नाही. एजन्सीच्या होत्या, हात स्वच्छ, मालिश उत्तम. पहिल्याच रात्री त्यांनी पाळणा हॉलमध्ये नेला. "ताई, तुम्ही निवांत झोपा. बाळंतिणीला जागरण झालं की दूध आटतं." सासूबाईंनी मान डोलावली. "त्यांना अनुभव आहे गं," म्हणत नवऱ्याने दार लोटून घेतलं.

असतं नेमकं उलटं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं, आणि छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध तयार होतं. साचून राहिलं की शरीर समजतं, गिऱ्हाईक नाही, दुकान आवरा. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. त्यातलं रात्रीचं सगळं पाजणं काढून घेतलं तर उरतं काय? पण आमच्याकडे कौतुक चाललं होतं ते बाळ रात्रभर शांत झोपतं याचं. मावशींचा हातगुण म्हणे.

सुरुवातीला पहाटे छाती ठणकायची, गाठी लागायच्या, गाऊन भिजलेला असायचा. मग तो भिजेनासा झाला. सकाळी अंगाशी घेतलं की बाळ दोनदा चोखून तोंड फिरवायचं आणि भोकाड पसरायचं. "दूधच नाही हिला," असा निकाल सासूबाईंनी चहा गाळता गाळता दिला. माझ्या आईलाही फोन करून कळवला.

एका रात्री पाणी प्यायला उठले तर ओट्यावर बाटली, शेजारी पावडरचा डबा. हॉस्पिटलमधून निघताना पिशवीत घालून दिलेला तोच, मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलेला. आत पावडर जेमतेम तळाला उरली होती. मावशी अगदी शांत. "अहो ताई, सगळ्याच घरी देते मी. नाहीतर पोरं झोपतील का?"

बाटलीशी माझं वैर नाही. जिथे दूध खरंच कमी पडतं तिथे वरचं द्यावंच लागतं. पण मला न विचारता रात्री पोट भरायचं आणि दिवसा सगळ्यांनी मिळून माझ्या अंगात खोट काढायची? शिवाय आईला असा फुकट डबा देण्यावर 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे. हॉस्पिटलला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी पाळणा माझ्या पलंगाशेजारी आला. स्तनपान समुपदेशक बाईंनी आडवं पडून पाजायला शिकवलं: बाळ कुशीवर, पोटाला पोट, नाक बोंडासमोर, तोंड मोठं उघडलं की मगच जवळ ओढायचं. भूक लागली की बाळ आधी चुळबुळतं, मुठी चोखतं. रडणं सगळ्यात शेवटी. हॉलमधून ऐकू येतं ते फक्त रडणं, आणि रडून लाल झालेलं बाळ नीट चोखत नाही. पावडर एकदम तोडली नाही. डॉक्टरांना विचारून, वजन बघत कमी केली.

खोली एक हवी, अंथरूण मात्र वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2022 चा सल्लाही तोच आहे, निदान पहिले सहा महिने. झोपताना बाळ पाठीवर, गादी घट्ट. मोहरीची उशी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी पाळण्यात नको, दुलई नको. पाजता पाजता डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावर किंवा खुर्चीत मुळीच बसू नका, तिथे धोका सगळ्यात जास्त. त्यापेक्षा उशा-पांघरुणं दूर सारून पलंगावर आडवं व्हा. मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल, घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तुम्हाला गुंगीची औषधं चालू असतील, तर पाजून झाल्यावर त्याला पाळण्यातच ठेवा, जागं राहायला कुणाला तरी सोबतीला बसवा.

मावशी ठेवाच, पण बोलणं आधी करा: बाळ उठलं की माझ्याकडे आणायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, परत पाळण्यात निजवायचं. पाजणं तुमचं काम नाही. हे नवऱ्यासमोर बोला, म्हणजे नंतर "मला काय माहीत" नको. पाणी भरपूर प्या, मन शांत ठेवा वगैरे आहेच. आणि "दूध नाही" असं कुणी म्हणालं तर लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर, नुसत्या अंगावरच्या दुधावर दिवसाला सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध आहे.

सासूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हळिवाच्या लाडवांनी दूध आलं. लाडू त्यांनीच केले होते.