आधी ती पिशवी उघड गं

अर्जाचं नाव काढलं की तुझा चेहरा पडतो, कळतं गं मला. घरात मराठी वाचणारी तू एकटी, म्हणून आई-बाबा, आजी, सगळ्यांचं नागरिकत्व तुझ्याच मानगुटीवर बसलंय. पण खरं सांगू का, सिंधमधून येऊन जी पोरगी सिल्लोडच्या मराठी शाळेत दहावी झाली, तिला हे जमणार नाही असं मी तरी मानायची नाही.

बातम्या बघून झोप घालवू नकोस. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा तुझ्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा चालूच राहतील, हे सरकारने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणूनच बघ, अर्ज भरला तरी त्या व्हिसाचं नूतनीकरण चुकवायचं नाही. एक हातात पडेपर्यंत दुसरं सोडायचं नाही.

नागरिकत्व सुधारणा कायदा 2019 चा, त्याचे नियम आले मार्च 2024 मध्ये. सगळी गोम एका तारखेत आहे: 31 डिसेंबर 2014. त्या दिवसापर्यंत तुम्ही भारतात आला होतात, हे कागदावर दिसलं पाहिजे. पासपोर्टवरचा शिक्का पुसट झालाय म्हणून रडत होतीस ना? अगं, तेव्हाचं वीजबिल, भाडेकरार, शाळेचा कागद, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी, असे वीस प्रकारचे कागद चालतात. आणि तुम्ही मूळचे तिकडचे, हे दाखवायला पाकिस्तानी पासपोर्ट मुदत संपलेला असला तरी चालतो, आजोबांच्या तिकडच्या जमिनीचा कागदही चालतो. तेव्हा कपाटावरची ती पिवळी पिशवी खाली काढ आणि मेथी निवडतो तशी शांतपणे निवडायला बस. कागदांवर औरंगाबाद लिहिलंय म्हणून बिचकू नकोस. त्याचं छत्रपती संभाजीनगर झालं 2023 मध्ये, त्याआधीच्या कागदावर जुनंच असणार.

नावांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. शाळेने आपल्या रीतीने मध्ये वडिलांचं नाव घातलंय, पासपोर्टवर ते नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेव. समाजाच्या संस्थेचं प्रमाणपत्र लागेल, ते सिंधी पंचायतीत विचार. आणि तुमच्या चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते मी देते. माझी सही दर वेळी वेगळी येते, बँकेतली पोरगी मला बघूनच हसते, पण त्या दिवशी नीट करीन!

आजीला मराठी बाराखडी शिकवायला बसलीस म्हणे. सोड तिला बिचारीला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता आली की पुरे, आणि सिंधी त्या अनुसूचीत 1967 पासून आहे.

अर्ज ऑनलाइन, प्रत्येकाचा वेगळा. एजंटाच्या हाती मूळ कागद द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी. पुढे जिल्हा समिती बोलावते. तिचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात, त्यामुळे कलेक्टर कचेरीत चकरा मारत बसू नकोस. बोलावलं की सगळ्यांनी मूळ कागद घेऊन हजर राहायचं, निष्ठेची शपथ तिथेच होते. वारंवार गैरहजर राहिलं तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. त्या दिवशी लग्न असो की बारसं, तिकडे नंतर.

तुझी मावशी 2016 ला आली, तिला हा रस्ता नाही. तिचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नागरिकत्वाची जुनी कलमं, तिचं वेगळं बघू. आणि संभाजीनगरच्या विद्यापीठात शिकायला येणारी येमेनची पोरं, त्यांच्या देशात युद्ध पेटलं तरी त्यांना या कायद्यात जागाच नाही. यादीत तीनच देश, आणि मुसलमान सोडून सहा धर्म. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सहीही नाही. मला हे पटत नाही, पण म्हणून तू तुझा अर्ज लांबवू नकोस.

रविवारी जेवायलाच ये, ठेचा-भाकरी करते. वीजबिलं सगळी आण, चुरगळलेलीसुद्धा. आणि येताना आजीला विचारून घे, तिच्या गादीखाली काय काय आहे ते.