कड्यावर जायच्या आधी

अगं, तुझा मेसेज वाचला. देगलूरहून मैत्रिणींबरोबर गोव्याला निघालीस, केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करायचंय, आणि आईला कळू द्यायचं नाही म्हणे! मी नको म्हणणार नाही. मीही कामशेतला जाऊन हेच शिकून आले. पण चार गोष्टी ऐक.

जानेवारी २०२५ मध्ये याच केरीत उड्डाण घेतल्याबरोबर पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दरीत कोसळले. दोघंही गेले. धंदा बिनपरवाना चालला होता, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा परवाना विचारायला लाजू नकोस. पायलटला दोघांनी मिळून उडायचं, म्हणजे टँडेमचं प्रशिक्षण आहे का, राखीव पॅराशूट लावलंय का, तुझ्यासाठी हेल्मेट आहे का, तेही विचार. चिडून उत्तर दिलं तर तेच उत्तर समज.

समुद्राचं वारं फसवं असतं, कारण ते गुळगुळीत असतं. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी काळ्या रानावरून तापलेली हवा उसळते, वावटळी उठतात. तिथं उडणाऱ्याला धक्के बसतात, मग तो आपोआप सावध राहतो. कड्यावर समुद्रावरून आलेला वारा थडकून वर वळतो, आणि त्या उचलत्या पट्ट्यात पंख किती तरी वेळ तरंगतो. मजा तीच. पण हा पट्टा कड्याच्या पुढ्यात, अरुंद असतो. कडा ओलांडून मागं ढकललं गेलं की संपलं. आपल्या लेंडी नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून पाणी कसं अलगद सरकतं आणि पलीकडं पडून घुसळतं, तसा कड्यामागं वारा घुसळतो. त्यात पंख मिटतो. म्हणून वळण नेहमी समुद्राच्या बाजूला घ्यायचं, डोंगराकडं कधीच नाही.

आता वेगाचा हिशोब बघ. पॅराग्लायडर ताशी ३५ ते ४० किलोमीटरने जातो. समोरून ३० चा वारा आला तर पुढं सरकायला उरतं काय? त्यात कड्याच्या माथ्यावर वारा दाबला जाऊन खालच्यापेक्षा जोरात वाहतो, आणि दुपारी खारं वारं वाढतच जातं. समुद्रावर जिकडंतिकडं पांढरा फेस फुटताना दिसला की पैसे भरले असले तरी मागं फिर. पैसे बुडाले म्हणून रडणाऱ्या मैत्रिणीला माझा नंबर दे.

हँग ग्लायडर आपल्याकडं क्वचितच दिसतो. तो जड, वेगवान, आणि उतरायला त्याला लांब मोकळी जागा लागते. त्यात पायलट स्वतःला पंखाला अडकवायचाच विसरला आणि जीव गेला, असंही घडलंय. म्हणून उडण्याआधी लोंबकळून बघायचं, हा त्यांचा नियम.

त्यामानानं तुझं काम सोपं आहे. पायांचे पट्टे आणि छातीचं बक्कल स्वतःच्या हातानं ओढून बघ. ओढणी नको, बूट हवेत. पायलट ‘पळ’ म्हणाला की पळतच राहायचं. पाय सुटले असं वाटून मध्येच बसलीस तर दोघांचं उड्डाण फसतं. सेल्फीची काठी खोलीवरच ठेव.

आणि उतरायची जागा आधी बघून घे. २०२३ मध्ये केरळात वर्कल्याच्या पापनाशम किनाऱ्यावर एक पॅराग्लायडर दिव्याच्या उंच खांबाला अडकला, त्यावरचे दोघं बराच वेळ लोंबकळत राहिले. वाचले, नशीब. वारा पडला तर वाळूवरच उतरावं लागतं, तेव्हा भरतीच्या वेळी तिथं वाळू उरते का ते विचार. पाण्यात पडायची वेळ येऊच नये. हार्नेसमधल्या गादीमुळं माणूस पालथा होतो आणि दोऱ्या अंगाभोवती गुंततात.

आईला मी सांभाळून घेईन. फोटो मात्र खाली उतरल्यावरच पाठव, आणि आधी मला.