गाडीपुरतं आकाशवाणी केंद्र

आमची गाडी जुनी आहे. इंजिन ठणठणीत, एसी गार, रेडिओ स्वच्छ वाजतो. डेकमधला सीडी प्लेअर मात्र कधीचाच बंद पडला, आणि ऑक्सची वायर लावायची सोय या मॉडेलला मुळात नव्हतीच. दुकानदार म्हणाला, "ताई, काढून टाका हे, टचस्क्रीन बसवून देतो." चांगला चालणारा रेडिओ उचकटून फेकायला माझं मन घेईना. मग लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर घेतला. आमच्या घरातल्या अण्णांच्या कॅसेटींचा संग्रह तोवर पेन ड्राइव्हवर उतरवून झाला होता. पुणे-कोल्हापूर, पुणे-मुंबई आणि सुट्टीत कोकण अशा आमच्या प्रवासांत आता तोच वाजतो. या छोट्या यंत्रानं मला रेडिओ नव्यानं ऐकायला लावला. त्यातून हाती आलेलं इथे लिहिते.

१. आधी रिकामी जागा ऐका.

ट्रान्समीटर म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्रच. फोनमधलं किंवा पेन ड्राइव्हमधलं गाणं तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपण सांगू त्या आकड्यावर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते एखाद्या स्टेशनसारखं पकडतो. म्हणून पहिलं काम ट्रान्समीटर लावण्याचं नाही. तो बंद ठेवायचा आणि रेडिओ हातानं एकेक पॉइंट पुढे सरकवत ऐकायचा. ऑटो-सर्चवर भिस्त ठेवू नये. सर्च भक्कम स्टेशनवरच थांबतं, दूरचं पुसट स्टेशन ओलांडून जातं, आणि नेमकं तेच पुसट स्टेशन पुढे जोर धरलं की आलापात मध्येच बडबडू लागतं.

आपल्याला हवी असते सलग, एकसारखी खरखर. जिथे ती सर्वांत दाट आणि सपाट, तो आकडा आपला. त्याच्या दोन्ही बाजूंचे पॉइंटही मोकळे हवेत, कारण एफएमचं स्टेशन नेमक्या आकड्यावर टोकासारखं उभं नसतं. दोन्ही अंगांना साधारण ०.१ मेगाहर्ट्झ पसरलेलं असतं. मुंबईच्या खासगी स्टेशनांचे आकडे पाहा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक दोघांत ०.८ चं अंतर ठेवलंय. या फटीत ट्रान्समीटर घुसवता येतो, पण शेजार फार मोठ्या आवाजाचा होतो. माझ्या अनुभवात ८८ ते ९० हा भाग सर्वांत भरवशाचा. आपल्याकडे तिथे वर्दळ कमी आहे.

एफएमचा एक गुण इथे कामाला येतो. एकाच आकड्यावर दोन लहरी आल्या तर रेडिओ त्यांची भेसळ करत नाही. जिचा जोर जास्त, तीच ऐकू येते आणि दुसरी दबून जाते. दोघींचा जोर जवळपास सारखा असला की मात्र क्षणात हे, क्षणात ते, असं सुरू होतं. असं झालं तर आवाज वाढवून काही होत नाही, आकडा बदलावा लागतो.

२. घाट चढला की आकाश बदलतं.

एफएमच्या लहरी बहुतेक नजरेच्या रेषेत जातात. डोंगर आडवा आला की स्टेशन विझतं, उंचावर गेलं की लांबचीही ऐकू येऊ लागतात. त्यामुळे पुण्यात घराखाली शोधलेली रिकामी जागा खंडाळ्याला रिकामी असेलच असं नाही. तिथे पुण्याकडचीही स्टेशनं येतात आणि मुंबईकडचीही. त्यात खासगी कंपन्या गावोगावी आपला आकडा शक्यतो तोच ठेवतात. ९८.३ मुंबईतही आहे, पुण्यातही आणि कोल्हापुरातही. म्हणजे एका शहरात भरलेला आकडा पुढच्या शहरात मोकळा मिळेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

मी दोन आकडे ठरवून ठेवलेत आणि रेडिओच्या शेवटच्या दोन बटणांवर साठवलेत. एकावर अडथळा आला की शेजारी बसलेलं माणूस आधी ट्रान्समीटरचा आकडा बदलतं, मग रेडिओचं बटण दाबतं. हे काम गाडी चालवणाऱ्यानं करू नये. घाटात तर मुळीच नाही.

३. बोगद्यात गेलात की कान टवकारा.

मला सापडलेली ही सर्वांत उपयोगी युक्ती. कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरलं की बाहेरची सगळी स्टेशनं मालवतात. आपला ट्रान्समीटर मात्र गाडीतच असल्यामुळे तसाच चालू राहतो. त्या वेळी नीट ऐकायचं. बाहेर रस्त्यावर येणारी खरखर बोगद्यात नाहीशी झाली, तर दोष यंत्राचा नाही. आपल्या आकड्याजवळ कुठलं तरी स्टेशन आहे, आकडा बदला. खरखर बोगद्यातही तशीच राहिली, तर गडबड आपल्या गाडीच्या आत आहे. मग वायर, चार्जर, डॅशकॅम यांच्याकडे वळायचं. एक्स्प्रेस वेवरच्या कामशेत आणि भाताणच्या बोगद्यांतही हीच परीक्षा होते. नवं यंत्र घेतलं की दुकानाबाहेर उभं राहून ऐकण्यापेक्षा एक बोगदा पार करून या.

४. गाडीचा अँटेना कुठे आहे, ते बघा.

ट्रान्समीटर असतो डॅशबोर्डखाली आणि अँटेना असतो बाहेर, बहुधा टपावर मागच्या बाजूला, काही गाड्यांत मागच्या काचेवर. मध्ये पत्रा. यंत्राची क्षीण लहर काचांतून बाहेर पडून अँटेनापर्यंत पोचते. म्हणून मागेही सॉकेट असेल तर एकदा तिथे लावून पाहावं. आमच्या गाडीत एवढ्यानं फरक पडला.

जुन्या गाड्यांत ओढून उंच करायचा अँटेना असतो. तो खाली ढकलून पाहा. बाहेरची स्टेशनं कमजोर होतात, आपलं यंत्र तर हाताच्या अंतरावर असतं, आणि बऱ्याचदा गाणं एकदम स्वच्छ होतं. रेडिओ ऐकायचा असेल तेव्हा पुन्हा ओढून घ्यायचा.

५. आवाजाची बटणं तीन आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत.

एक फोनचं, दुसरं ट्रान्समीटरचं, तिसरं रेडिओचं. फोन अगदी कमी ठेवला तर रेडिओ मोठा करावा लागतो आणि गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. फोन पुरता वाढवला तर आवाज फाटतो. सर्वांत आधी फाटतात ते टाळ आणि झांजा. याला कारण आहे. एफएमवर गाणं सोडताना त्यातले बारीक, उंच स्वर मुद्दाम वाढवून सोडतात आणि रेडिओत ते तेवढेच उतरवले जातात, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. आधीच वाढवलेल्या टाळांवर फोनचा पूर्ण जोर आला की लहर आपली मर्यादा ओलांडते. भजनाचा गजर फाटतो पण एकट्या तंबोऱ्यावरचं गाणं ठीक वाजतं, असं दिसलं तर फोन थोडा खाली घ्या.

माझं माप सोपं आहे. आधी पुणे आकाशवाणी लावायची, मग आपला आकडा. दोन्हींचा आवाज सारखा वाटला पाहिजे. तेवढं झालं की फोनला आणि ट्रान्समीटरला पुन्हा हात लावायचा नाही. कमीजास्त फक्त रेडिओवर.

अमेरिकेहून कुणी यंत्र आणून दिलं असेल तर त्याचा आवाज जरा टोचरा वाटू शकतो. उंच स्वर किती वाढवायचे याचं माप भारतात आणि युरोपात ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. तिकडचं यंत्र ते जास्त वाढवतं, आपला रेडिओ कमी उतरवतो. रेडिओचा ट्रेबल थोडा कमी केला की झालं.

६. जुन्या गाण्याला स्टिरिओ लागत नाही.

स्टिरिओ एफएममध्ये खरखर मोनोपेक्षा बरीच जास्त असते. आजच्या सिनेसंगीतात ते कळत नाही, कारण ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच भरगच्च पातळीवर असतं. ख्यालाचं तसं नाही. ख्यालगायिका किशोरीताईंचा षड्ज अगदी हळू लागतो, आणि त्या हळू लागण्यातच सारं काही असतं. तिथे मागची खरखर सहन होत नाही.

ट्रान्समीटरवर किंवा रेडिओवर मोनोची सोय असेल तर अशा वेळी ती खुशाल वापरा. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनोच आहेत. त्यांत गमावण्यासारखं काही नाही. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर जात नाहीत याचीही अनेकांना खंत असते. त्या तबकड्यांमध्ये तेवढ्या उंचीवर ऐकण्यासारखं काही नाहीच. अण्णांच्या संग्रहासाठी हे यंत्र पुरेपूर आहे, असं मी मनापासून सांगते.

७. गीतरामायण क्रमानंच वाजलं पाहिजे.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक नवं गीत, अशी ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ५६ गीतं झाली. रेडिओसाठी जन्मलेलं हे काव्य आज आमच्या गाडीत पुन्हा रेडिओतूनच येतं, याचा मला फार आनंद आहे. पण ती कथा आहे. वनवासाच्या पाठोपाठ स्वयंवर लागलं की आई लगेच म्हणते, "अगं, हे आधीचं आहे."

पुष्कळशी साधी यंत्रं फाइलींच्या नावाकडे पाहतच नाहीत. पेन ड्राइव्हवर त्या ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्याच क्रमानं वाजवतात. नाव पाहणाऱ्यांमध्येही काही यंत्रं १ नंतर १०, मग ११ आणि कितीतरी वेळानं २ घेतात. उपाय असा: नावाच्या सुरुवातीला ०१, ०२, ०३ असे दोन अंकी आकडे घाला, पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा करून फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गीतं त्याच क्रमानं, एकामागून एक कॉपी करा. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान घ्या. मोठे बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि स्वस्तातल्या यंत्रांना ते वाचता येत नाहीत. देवनागरी नावांच्या जागी छोट्या पडद्यावर चौकटी दिसतात, म्हणून सुरुवातीचा आकडाच कामाचा. आणि मूळ फाइली घरी दुसरीकडे जपून ठेवा. उन्हात उभ्या गाडीतला पेन ड्राइव्ह ही कॅसेटींची शेवटची प्रत असता कामा नये.

८. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी.

गाडी रेझ केली की बारीक शिट्टी चढते, सोडली की उतरते, हा आवाज अल्टरनेटरचा. फोन वायरनं ट्रान्समीटरला जोडलेला आणि त्याच सॉकेटवर चार्जिंगलाही असला की तो हमखास येतो. चार्जिंग काढा किंवा ब्लूटूथवर जा. शिट्टी नसून सतत सूं असा आवाज येत असेल तर डॅशकॅमची वायर काढून पाहा. हे कॅमेरे एफएमच्या पट्ट्यात बराच गोंगाट करतात.

९. टोलच्या रांगेत शेजारी ऐकू येतो.

एकदा खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना आमच्या रेडिओवर अचानक हरिपाठ सुरू झाला. शेजारच्या गाडीतही असंच यंत्र होतं, आणि त्यांचा आकडाही तोच. आई म्हणाली, "राहू दे गं, छान म्हणतायत." रांग हलेपर्यंत आम्ही तो ऐकला. बरीच यंत्रं कारखान्यातून एकाच आकड्यावर लावून येतात आणि लोक तो बदलत नाहीत, म्हणून हे घडतं. पेटीतून काढल्यावर आलेला आकडा लगेच बदलून टाका.

याच कारणानं यंत्र उघडून त्याला लांब वायर जोडायचा आणि जोर वाढवायचा उद्योग करू नये. यंत्र आपल्या गाडीपुरतं आहे, आणि हवेतली जागा सगळ्यांची आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं बेकायदा आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला एका तरुणानं स्वतः जुळवलेल्या साहित्यावर गावासाठी एफएम केंद्र चालवलं होतं. लोकांचं त्यावर प्रेम होतं, तरी परवाना नाही म्हणून २००६ मध्ये ते बंद झालं.

१०. छोट्या केंद्रांची जागा घेऊ नका.

९०.४ हा आकडा रिकामा वाटला तरी मी घेत नाही. पुण्यात तिथे एफटीआयआयचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, आणि माण तालुक्यात म्हसवडला त्याच आकड्यावर माणदेशी तरंग वाहिनी. या केंद्रांना १०० वॅटपर्यंतचीच ताकद दिलेली असते, त्यामुळे थोड्याच किलोमीटरच्या परिसरात ती ऐकू येतात. आपला ट्रान्समीटर आपल्या गाडीत त्यांना सहज दाबून टाकतो. मग त्या गावातून जाऊनही त्या गावाचा आवाज कानावर पडत नाही. म्हसवडच्या बाजूला गेलो की आम्ही पेन ड्राइव्ह बंद करतो. बाजारभाव, बायकांच्या ओव्या, शाळेतल्या मुलांची गाणी हे तिथल्या लोकांच्या तोंडून ऐकायचं भाग्य दुसऱ्या कुठल्या आकड्यावर नाही.

११. सॉकेटबद्दल दोन गोष्टी.

काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही लायटरचं सॉकेट चालू राहतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. कारला १२ व्होल्ट असतात, ट्रक-बसला २४. मामाच्या ट्रकमध्ये लावायचं असेल तर यंत्रावर १२-२४ असं छापलेलं आहे ना, ते आधी वाचा. आणि यंत्र अचानक मेलं तर नवीन घ्यायला धावू नका. त्याच सॉकेटमध्ये दुसरा चार्जर लावून बघा. तोही चालला नाही तर गाडीचा फ्यूज उडालाय. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कुठला ते लिहिलेलं असतं. तेवढ्याच अँपिअरचा नवा घालायचा, जास्तीचा नाही.